आराखडा एकच हवा, आणि तो उघडा हवा

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यावर हिमवादळ आले. कडाक्याच्या थंडीने नैसर्गिक वायूच्या विहिरी गोठल्या. वायू कमी पडला म्हणून काही वीजकेंद्रे थांबली, तर काहींची यंत्रे थंडीनेच बंद पडली. ग्रिड वाचवण्यासाठी भारनियमन सुरू करावे लागले. त्या भारनियमनात वायू उपसणाऱ्या आणि पुढे ढकलणाऱ्या काही ठिकाणांचीच वीज तोडली गेली, कारण अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती. वायू आणखी आटला आणि त्यामागोमाग वीजही. सगळे ग्रिड कोसळायला जेमतेम साडेचार मिनिटे उरली होती, असे ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने नंतर सांगितले. सुमारे 45 लाख घरे आणि आस्थापने विजेवाचून राहिली. राज्य सरकारच्या मोजणीप्रमाणे 246 माणसे दगावली.

थंडीला तोंड देण्याची यंत्रांची तयारी नव्हती, हे त्या संकटाचे पहिले कारण. पण दुसरे कारणही तितकेच गंभीर आहे. विजेचे जाळे आणि वायूचे जाळे एकमेकांच्या जिवावर चालत होते, नियोजन मात्र दोघांचे वेगवेगळे होत होते. वीजवाल्यांनी वायू येईलच असे धरले होते आणि वायूवाल्यांनी वीज असेलच असे धरले होते.

कार्बन उत्सर्जन खरोखर खाली आणायचे असेल, तर वीज, उष्णता, गारवा, वायू आणि हायड्रोजन यांची जाळी एकत्रच आखावी लागतील, असे मी ठामपणे मानतो. पण ही आखणी माणसाच्या हाताने होण्यासारखी नाही. ती गणिती मॉडेलांकडे गेली आहे आणि जायलाच हवी होती. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मॉडेलने काढलेले सर्वांत कमी खर्चाचे उत्तर लोकांपुढे येते ते ठरलेला निर्णय म्हणून. त्या उत्तरामागची गृहीतके कोणी, का आणि कोणाच्या वतीने निवडली, हे बाहेर येत नाही. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी जमिनीत नळ आणि तारा पुरताना एवढी गोष्ट झाकून ठेवता येणार नाही.

आधी एकत्र आखणीची गरज पाहू. आजवर घर तापवायला वायू किंवा तेल, दिवे आणि यंत्रांना वीज, गाडीला पेट्रोल अशी कामे वाटलेली होती. एका जाळ्यावरचा ताण दुसऱ्याला फारसा जाणवत नसे. आता बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढणारे उष्मापंप आले, विजेच्या गाड्या आल्या, पाण्यातून हायड्रोजन काढणारी विद्युत-अपघटन यंत्रे आली, आणि सगळ्यांचा भार येऊन पडतो तो वीजजाळ्यावर. हा भार किती मोठा असू शकतो हे ब्रिटनच्या एका दिवसावरून दिसते. 1 मार्च 2018 रोजी थंडीच्या लाटेत तिथल्या घरादुकानांना वायूजाळ्यातून जाणारी ऊर्जा 200 गिगावॉटच्या वर पोचली होती. त्याच दिवशी विजेची कमाल मागणी 53 गिगावॉटच्या आसपास होती. उष्मापंप एका एकक विजेत साधारण तीन एकके उष्णता देतो, म्हणून वायूचा तो सगळा आकडा जसाच्या तसा विजेवर येणार नाही. तरीही बाहेर कडाका असतो त्याच वेळी पंपाची कार्यक्षमता घसरते, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांना ऊब हवी असते. प्रत्येक घराने स्वतंत्रपणे योग्य निर्णय घेतला, तरी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नेदरलँड्समध्ये आजच वीजजाळे इतके भरले आहे की हजारो उद्योगांना नव्या जोडणीसाठी रांगेत थांबावे लागते.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. ही जाळी वेगवेगळ्या वेगाने जगतात. वीजजाळ्यात उत्पादन आणि मागणी क्षणोक्षणी जुळावी लागते. वायूच्या वाहिनीत दाब थोडा कमीजास्त करून काही तासांची ऊर्जा नळातच साठवता येते. उष्णताजाळ्यात प्रकल्पात तापवलेले पाणी नळांतून घरोघरी जाते, आणि ते टोकाच्या घरी पोचायलाच बराच वेळ घेते. वायूजाळे काढून टाकले तर त्याच्यासोबत ही फुकट मिळणारी साठवणही जाते, आणि ती दुसरीकडे कुठेतरी बांधावी लागते. फक्त विजेचा आराखडा करणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही, कारण ती त्याच्या नकाशाबाहेर असते.

एकत्र पाहिले की मिळणारे फायदेही तेवढेच ठोस आहेत. उष्णता साठवणे हे वीज साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, पण त्यात भूमितीची एक अट आहे. टाकीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आत मावणारे पाणी आठपट होते आणि उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग फक्त चौपट होतो. म्हणून घरातली टाकी एक-दोन दिवस ऊब धरते, पण डेन्मार्कमधल्या वोयन्स गावाजवळचा 2 लाख घनमीटरचा झाकलेला पाणसाठा उन्हाळ्यातली सौर उष्णता हिवाळ्यापर्यंत नेऊ शकतो. हे सामर्थ्य सामायिक जाळ्याचे आहे. प्रत्येकाने आपापले यंत्र घेऊन ते कधीच मिळणार नाही. कॅनडात टोरांटो शहराने 2004 पासून ओंटारिओ सरोवराच्या 83 मीटर खोलीवरचे सुमारे 4 अंश तापमानाचे पाणी वर आणून त्याच्या गारव्यावर इमारती थंड ठेवल्या आहेत, आणि तेच पाणी पुढे शहराला प्यायला जाते. पाणीपुरवठा आणि शीतकरण यांचे नळ एकाच कागदावर काढले गेले नसते तर हे सुचलेही नसते. नेदरलँड्समधल्या हेरलेन शहरात 1970 च्या दशकात बंद पडलेल्या कोळसाखाणींमध्ये साचलेले पाणी 2008 पासून घरांना ऊब आणि गारवा देते आहे. कोळशाच्या त्याच पोकळ्यांतून आता कोळशाशिवायची ऊब येते, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

एकत्र हिशेब केला की काही लोकप्रिय कल्पना मागेही पडतात. शंभर एकके विजेतून हायड्रोजन काढला आणि तो घरातल्या बॉयलरमध्ये जाळला तर हातात साठ-पासष्ट एकके उष्णता येते. तीच वीज उष्मापंपाला दिली तर सुमारे तीनशे. पाचपटीच्या या फरकावर कोणत्याही जाहिरातीने मात करता येणार नाही. हायड्रोजन पोलाद आणि खतांसाठी लागेल, आठवडेच्या आठवडे वारा पडला तर साठा म्हणूनही लागेल. मात्र घरोघरी जळणारा हायड्रोजन दाखवून आजच्या वायूवाहिन्यांना जीवदान देण्याचा युक्तिवाद जिथे होतो, तिथे तो हिशेबाने खोडायला हवा.

आता मॉडेलकडे येतो. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात 2000 च्या दशकात 'एनर्जी हब' नावाची मांडणी पुढे आली. एखादी इमारत, वस्ती किंवा शहर म्हणजे एक केंद्र. त्यात एका बाजूने वीज, वायू, ऊन आत येते, दुसऱ्या बाजूने वीज, ऊब, गारवा बाहेर पडतो, आणि मध्ये रूपांतर करणारी व साठवणारी यंत्रे असतात. अशी अनेक केंद्रे जाळ्यांनी जोडली की प्रश्न तयार होतो: कोणते यंत्र, कुठे, किती क्षमतेचे, कोणता नळ कोणत्या रस्त्याखालून, आणि वर्षाच्या 8,760 तासांत प्रत्येक तासाला काय चालवायचे? यामागचे गणित जुने आहे. सोव्हिएत संघात लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 मध्ये आणि अमेरिकेत जॉर्ज डॅन्झिग यांनी 1947 मध्ये ज्याचा पाया घातला ते हे रेषीय नियोजन, म्हणजे दिलेल्या मर्यादा पाळून सर्वांत कमी खर्चाचे उत्तर शोधण्याची रीत. नळ अर्धा टाकता येत नाही, तो असतो किंवा नसतो, म्हणून त्यात पूर्णांकांची अट येते आणि गणित झपाट्याने जड होते.

जड झालेले गणित हलके करण्यासाठी काटछाट करावी लागते. वर्षाचे सगळे तास घेण्याऐवजी काही 'नमुन्याचे दिवस' घेतात. ही पद्धत प्रामाणिक आहे, पण ती निष्काळजीपणे वापरली तर आठ दिवस वारा नाही, ऊन नाही आणि कडाका आहे असा आठवडा सरासरीत विरघळून जातो. खरी व्यवस्था कोसळते ती नेमकी अशाच आठवड्यात. शिवाय बहुतेक मॉडेलांना पुढचे सगळे वर्ष आधीच ठाऊक असते. उद्या वारा पडणार हे कळल्यावर आज टाकी भरून ठेवणे सोपे असते, पण खऱ्या नियंत्रण कक्षातल्या माणसाला ते ठाऊक नसते. म्हणून 'या आराखड्यात भारनियमन शून्य' असे कोणी सांगितले की कोणत्या हवामानाच्या वर्षांवर तो तपासला, एवढा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

त्याहून खोल गेलेले गृहीतक म्हणजे वटाव दर, भविष्यातल्या लाभाला आज किती किंमत द्यायची ते ठरवणारा. तीस वर्षांनी होणारा शंभराचा लाभ 3 टक्के दराने आज 41 चा ठरतो, 8 टक्के दराने तो 10 वर येतो. उष्णताजाळे, जमिनीतली साठवण, भिंतींचे उष्णतारोधन यांचा खर्च आज होतो आणि लाभ पिढीभर मिळतो. वायूचा बॉयलर आज स्वस्त असतो आणि इंधनाचे बिल पुढे येत राहते. केवळ हा एक आकडा बदलला की यांतले कोण 'स्वस्त' ते उलटू शकते. नातवंडांच्या हिताला आज किती वजन द्यायचे हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो परिशिष्टातल्या तक्त्यात एका ओळीत उरकला जातो, हे मला अजिबात मान्य नाही.

आणि मग येते ती गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्या शास्त्राची सर्वांत उपयोगी देणगी आहे आणि सर्वांत कमी वापरली जाते. अशा प्रश्नांमध्ये तळ बहुधा सपाट असतो. सर्वांत कमी खर्चाच्या उत्तरापासून खर्चात काही टक्क्यांची सूट दिली की एकमेकांपासून फार वेगळे असे अनेक आराखडे बसतात. कुठे जमिनीवरच्या पवनचक्क्या कमी आणि सौरऊर्जा जास्त, कुठे पारेषणाच्या वाहिन्या कमी आणि साठवण जास्त, कुठे मोठे उष्णताजाळे, कुठे घरोघरी उष्मापंप. युरोपच्या वीजव्यवस्थेच्या मॉडेलांवर झालेल्या अभ्यासांत हे ठळकपणे दिसले आहे. असे पर्याय मुद्दाम शोधण्याची तंत्रे 1980 च्या दशकापासून उपलब्ध आहेत. तरीही अहवालात येतो तो एकच नकाशा. पुढच्या वीस वर्षांतल्या इंधनाच्या, यंत्रांच्या आणि कर्जाच्या किमतींचा अंदाज काही टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त चुकतो. मग शेवटच्या दोन टक्क्यांसाठी एकाच नकाशाला चिकटून राहण्याला शास्त्रीय आधार काय? त्या सपाट तळावर कुठे उभे राहायचे हे ठरवण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्या माणसांचा आहे. मॉडेलने त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात: सर्व चांगल्या आराखड्यांत जे येतेच आणि म्हणून लांबणीवर टाकण्यासारखे नाही ते, आणि ज्याच्यावर खरोखर निवड करता येते ते.

याला जोडूनच पैसे कोण भरणार हा प्रश्न आहे. मॉडेल एकूण खर्च कमी करते. तो कोणाच्या खिशातून जाईल याच्याशी त्या बेरजेला देणेघेणे नसते. वायूजाळ्याचा बराचसा खर्च ठरीव असतो. ग्राहक हजार असोत की शंभर, नळांची देखभाल करावीच लागते. ज्यांच्याकडे भांडवल आहे ते आधी उष्मापंप बसवतात आणि जाळ्यातून बाहेर पडतात. मागे उरतात भाडेकरू, वृद्ध, जुन्या इमारतींतली कमी उत्पन्नाची कुटुंबे, आणि त्या सगळ्या नळांचा भार त्यांच्या बिलावर चढतो. बिल वाढले की आणखी काही जण बाहेर पडतात, आणि उरलेल्यांचे बिल पुन्हा वाढते. एकूण बेरजेत हा आराखडा उत्तम दिसू शकतो. म्हणूनच कोणत्या भागातला वायू कोणत्या वर्षी बंद होणार हे आधी जाहीर व्हायला हवे, आणि त्या भागातल्या सगळ्यांना एकाच वेळी पर्याय मिळायला हवा. रस्त्यागणिक असा क्रम लावणे हे काम पुन्हा एकत्र आराखड्यालाच जमते, पण 'कोणावर किती बोजा' ही अट त्यात माणसाने घालावी लागते.

'एवढे कशाला, कार्बनला योग्य किंमत लावा, बाजार आपोआप जुळवून घेईल,' असे काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. कार्बनला किंमत हवीच. ती असेल तर आज कोणते यंत्र चालवायचे हे चांगले ठरते. पण रस्त्याखाली उष्णतेचा नळ टाकायचा की नाही हा निर्णय एकट्या घराला घेता येत नाही. शेजारची शंभर घरे जोडली जाणार असतील तरच तो नळ परवडतो, आणि नळ येणार असेल तरच ती घरे थांबतील. नाहीतर प्रत्येकजण आपला बॉयलर बदलून मोकळा होतो आणि पुढची पंधरा वर्षे ते दार बंद होते. ही कोंडी फोडायला नियोजन लागते.

ते जमते याचा पुरावा डेन्मार्कने दिला आहे. 1973 च्या तेलसंकटाच्या वेळी त्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर होती. 1979 मध्ये तिथे उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. नगरपालिकांनी आपल्या हद्दीतली उष्णतेची मागणी नकाशावर मांडली आणि कुठे उष्णताजाळे, कुठे वायू हे ठरवले. आज सुमारे दोन तृतीयांश घरे उष्णताजाळ्यावर आहेत. वाऱ्यावरची वीज वाढत गेली तसे त्याच जाळ्यांना मोठे उष्मापंप आणि विजेचे बॉयलर जोडून जादा वीज पाण्यात साठवता आली. नळात गरम पाणी वाहते, ते कशाने गरम झाले याच्याशी नळाला कर्तव्य नसते. इंधन बदलले तरी नळ कामाचा राहिला, हे त्या योजनेचे खरे बळ.

पण त्याच डेन्मार्ककडून दुसरा धडाही घ्यावा लागतो. तेव्हा वायूसाठी राखलेल्या भागांतून आज वायू काढून घेण्याचे काम चालू आहे. 1988 मध्ये तिथे नव्या इमारतींत विजेवर घर तापवायला बंदी घातली गेली, कारण वीज कोळशाची होती. त्या काळी हा निर्णय बरोबरच होता. आज स्वच्छ विजेवरचा उष्मापंप हे मुख्य उत्तर आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या ड्रेक लँडिंग वसाहतीचीही अशीच नोंद घ्यावी. तिथल्या 52 घरांसाठी जमिनीत 144 छिद्रे पाडून उन्हाळ्याची उष्णता साठवली होती, आणि 2015-16 च्या हिवाळ्यात ती सगळी घरे पूर्णपणे सौर उष्णतेवर तापली. ती यंत्रणा 2007 मध्ये सुरू झाली होती. भाग जुने झाले, दुरुस्ती अवघड होत गेली, आणि 2024 मध्ये ती बंद करण्याचे काम सुरू झाले. तंत्र सिद्ध झाले होते, तरी एकुलत्या एका वसाहतीला सुटे भाग आणि जाणकार दुरुस्तीवाले आयुष्यभर मिळत राहतील याची हमी नव्हती. देखभालीची ही बाजू मॉडेलमध्ये बहुधा भांडवली खर्चाचे काही टक्के म्हणून येते, प्रत्यक्षात तीच प्रकल्पाचा प्राण असते.

यावरून आखणीचा एक निकष निघतो. आज सर्वांत स्वस्त कोणते याच्या जोडीला, अंदाज चुकल्यावर कोणता आराखडा कमी खर्चात वळवता येईल, हेही मोजले पाहिजे. कमी तापमानावर चालणारे उष्णताजाळे या निकषावर वर येते, कारण त्यात उष्मापंप, कारखान्यातली वाया जाणारी ऊब, डेटा सेंटरची ऊब, सूर्य असे काहीही जोडता येते. मात्र कमी तापमानाच्या पाण्याने घर तापायचे तर घराला उष्णतारोधन हवे. म्हणजे भिंती आणि खिडक्यांची दुरुस्तीही त्याच आराखड्यात यायला हवी. आज ती बहुतेक ठिकाणी वेगळ्या खात्याकडे, वेगळ्या अनुदानात आणि वेगळ्या वेळापत्रकात असते.

उघडेपणाला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षेचा: जाळ्याचा तपशील जाहीर केला तर घातपात सोपा होईल. प्रत्येक सबस्टेशनचा नकाशा छापावा असे मी म्हणत नाही. वटाव दर, इंधनांच्या धरलेल्या किमती, तपासलेली हवामानाची वर्षे, पुरवठा तुटल्यास धरलेले नुकसान आणि फेटाळलेले पर्याय जाहीर केल्याने कोणाच्याही हाती शस्त्र जात नाही. दुसरा आक्षेप, लोकांना हे समजणार नाही. सगळ्यांना समजण्याची गरज नाही. शहरातल्या एखाद्या विद्यापीठाला, एखाद्या ग्राहक संघटनेला किंवा एखाद्या चिकाटीच्या पत्रकाराला ते गणित पुन्हा चालवून पाहता आले तरी पुरे. पायप्सा, कॅलिओपी, ओसेमोसिस यांसारखी मुक्त स्रोताची साधने त्यासाठी कोणालाही उपलब्ध आहेत. सार्वजनिक पैशातून होणारा आराखडा बंद सॉफ्टवेअरमध्ये आणि सल्लागार कंपनीच्या गोपनीय फाइलमध्ये राहावा, याला आता तांत्रिक सबब उरलेली नाही.

जर्मनीने 1 जानेवारी 2024 पासून शहरांना उष्णतेचे नियोजन कायद्याने बंधनकारक केले. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना जून 2026 ची मुदत दिली, लहान गावांना जून 2028 ची, आणि दर पाच वर्षांनी आराखडा पुन्हा तपासण्याची तरतूद ठेवली. ही फेरतपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मागच्या वेळी मॉडेलने धरलेली मागणी आणि मीटरवर दिसलेली मागणी शेजारी शेजारी छापा. उष्मापंपाची धरलेली कार्यक्षमता आणि खऱ्या हिवाळ्यात मिळालेली कार्यक्षमता शेजारी ठेवा. ज्या भागाला 'पाच वर्षांत उष्णताजाळे येईल' असे सांगून थांबवले होते तिथे नळ पोचला का ते सांगा, आणि पोचला नसेल तर थांबलेल्या कुटुंबांनी दरम्यान भरलेल्या जादा बिलाची भरपाई कोण करणार तेही त्याच पानावर लिहा.